तोलकाट्याच्या डब्यात काय असते? इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राथमिक शब्दांची ओळख

लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याचा लिलाव झाला की ट्रॅक्टर भुईकाट्याकडे वळतात. आधी भरल्या गाडीचे वजन, मग माल खाली करून रिकाम्या गाडीचे वजन, आणि दोहोंतील फरक म्हणजे माल. हा फरक एका लहानशा डब्यावरच्या चमकत्या आकड्यांवरून काढला जातो आणि त्यावरच शेतकऱ्याची हिशेबपट्टी तयार होते. मोठ्या बाजाराचे राहू द्या, आपल्या बांधवांच्या फळगाड्या, किराणा, भंगार, बारदान आणि मटणाच्या दुकानांतही लोखंडी तराजू मागे पडून इलेक्ट्रॉनिक काटा आला, त्यालाही आता बराच काळ लोटला. काटा आला, पण काट्याची भाषा आली नाही. काटा बिघडला की दुरुस्तीवाला "आयसी उडाली" म्हणतो, आपण मान डोलावतो आणि मागेल ती रक्कम देतो. पुष्कळदा उडालेला असतो तो वीस-पंचवीस पैशांचा नसला तरी काही रुपयांचाच फ्यूज.

दुसरी बाजू अशी की, आपले अनेक तरुण वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती या कामांत हाताने तरबेज आहेत. उस्तादाच्या हाताखाली बसून त्यांनी हुन्नर मिळवले. पण "येथे किती व्होल्ट यायला हवेत आणि का?" असे विचारले की ते गप्प होतात. नग बदलून पाहायचा, चालला तर ठीक, अशी ही विद्या आहे. ती पोटापुरती पुरते, पुढे नेत नाही. म्हणून या लेखात आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे प्राथमिक शब्द आपल्या बाजारातला तोलकाटाच समोर ठेवून समजावून घेणार आहोत.

एक अडचण आधीच सांगून टाकू. या विद्येत एकाच गोष्टीला तीन-तीन नावे आहेत. बाजारात आपण "होल्टेज" म्हणतो, शाळेच्या पुस्तकात "विभवांतर" असते, तर मीटरवर नुसते व्ही हे इंग्रजी अक्षर. बाजारात "कंडेन्सर", पुस्तकात "धारित्र" किंवा "संधारित्र", आणि दुकानदाराकडे मागायचे झाले तर "कॅपेसिटर". डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरला वीज कंपनीच्या कागदावर "रोहित्र" म्हणतात. मुलगा दहावीला पुस्तकातले शब्द पाठ करून पास होतो आणि दुकानात बसला की त्याला वाटते, ही काही वेगळीच विद्या आहे. विद्या तीच आहे, नावे वेगळी. आम्ही येथे बाजारातलाच शब्द वापरू आणि गरजेपुरता पुस्तकातला शब्द सोबत देऊ.

दाब, प्रवाह आणि अडथळा

शेतावरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. विजेच्या या दाबाला व्होल्टेज म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. इटलीच्या अलेसांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली पहिली विद्युतघटमाला जगापुढे आणली, त्यांच्या नावावरून हे माप आले. नळातून प्रत्यक्षात किती पाणी वाहते, तो झाला करंट, म्हणजे विद्युतधारा. तो अॅम्पिअरमध्ये मोजतात. नळी बारीक असेल, मध्ये गाळ बसला असेल तर पाणी कमी येते. हा अडथळा म्हणजे रेझिस्टन्स, पुस्तकातला रोध. त्याचे माप ओहम. जर्मनीच्या जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली या तिघांचा संबंध मांडला, तो इतका सरळ आहे की, पानपट्टीच्या कागदावर लिहिता यावा: व्होल्टला ओहमने भागले की अॅम्पिअर मिळतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६ ओहमचा अडथळा जोडला तर करंट २ अॅम्पिअर.

पाण्याचा दाखला येथवर चालतो, पुढे चालत नाही. नळाचे पाणी बादलीत पडले की काम संपले. विजेला मात्र जेथून निघाली तेथे परत जायला वाट लागते. ही पूर्ण फेरी म्हणजे सर्किट. फेरी कोठेही तुटली तर सगळे बंद; याला "ओपन" म्हणतात. उलट, मधले काम न करताच दोन्ही तारा एकमेकींना भिडल्या तर अडथळा जवळजवळ शून्य, करंट बेसुमार, तार लाल. हा "शॉर्ट". दुरुस्तीच्या दुकानातले निम्मे बिघाड या दोन शब्दांतच बसतात.

व्होल्ट गुणिले अॅम्पिअर म्हणजे वॅट. हे माप कामाचे. १००० वॅटची इस्त्री घरातल्या २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अॅम्पिअर ओढते. १००० वॅट एक तास चालले की मीटरवर एक युनिट पडते. मोटारवाले हॉर्सपॉवर म्हणतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. येथे फक्त एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडे झटका बसला की "करंट लागला" म्हणतात आणि वीज गेली की "लाइट गेली" म्हणतात. बोलण्यात चालेल, पण दुरुस्ती करताना करंट आणि व्होल्टेज या दोन शब्दांची अदलाबदल झाली की मीटर जळते. मीटरची लाल वायर अॅम्पिअरच्या भोकात राहिली आणि तशीच बोर्डावर व्होल्टेज पाहायला लावली, तर मीटर स्वतःच शॉर्ट बनते. शिकाऊ मुलांच्या हातून होणारी ही सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती हातावरही बेतू शकते.

एसी, डीसी आणि अडॅप्टरचा घोळ

बोर्डावर येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा खाते, म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे. ती एसी, प्रत्यावर्ती धारा. बॅटरीतली वीज एकाच दिशेने जाते, ती डीसी, दिष्ट धारा. तोलकाटा, मोबाइल, रेडिओ, एलईडी दिवा, सगळ्यांना आतून डीसीच लागते. म्हणून मध्ये अडॅप्टर असतो. जुने अडॅप्टर हाताला जड लागत, कारण आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असे. आताचे हलके, त्यांना एसएमपीएस म्हणतात. हलके म्हणून ते निरुपद्रवी समजू नयेत. त्यांच्या आतल्या मोठ्या कॅपेसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहू शकते.

अडॅप्टर बदलताना दुकानदार फक्त पिन बसते का ते पाहतात. येथेच काटा जळतो. नियम साधा आहे. व्होल्ट अगदी जुन्याइतकेच हवेत. अॅम्पिअर तितकेच किंवा जास्त असले तर हरकत नाही, कारण काटा लागेल तेवढाच करंट घेतो. कमी असले तर मात्र अडॅप्टर तापतो आणि व्होल्टेज बसते. तिसरी गोष्ट म्हणजे पिनच्या आत प्लस आहे की मायनस. त्याचे चित्र अडॅप्टरवर छापलेले असते, एक टिंब आणि त्याभोवती अर्धवर्तुळ. ते काट्यावरच्या चित्राशी जुळले नाही तर नग कितीही नवा असो, लावू नये.

काट्यात बहुधा एक लहान लेड-अॅसिड बॅटरी असते. तिच्यावर ६ व्होल्ट, ४.५ एएच असे लिहिलेले आढळते. एएच म्हणजे अॅम्पिअर-अवर. काटा समजा ०.१५ अॅम्पिअर घेत असेल तर कागदावर ३० तास निघतात. प्रत्यक्षात कमी, आणि जुन्या बॅटरीत आणखी कमी. दिवसभर वीज नसली तर तिच्यावर धंदा चालतो. पण ती अगदी रिती होईपर्यंत वापरली आणि तशीच पडू दिली की मरते.

बोर्डावरची मंडळी

डबा उघडला की हिरवी पाटी दिसते. ती पीसीबी. तिच्यावर तांब्याचे रस्ते छापलेले असतात, म्हणजे वायरिंगच. फक्त वायर नाही. रंगीत पट्टे असलेले बारीक नग म्हणजे रेझिस्टर. पट्टे शोभेचे नसतात, ते आकडे आहेत: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. पहिले दोन पट्टे दोन अंक देतात, तिसरा पुढे किती शून्ये लावायची ते सांगतो. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४, ७ आणि दोन शून्ये, ४७०० ओहम. शेवटचा सोनेरी पट्टा असला तर शेकडा ५ इकडे-तिकडे चालते.

गोल डबीसारखा नग म्हणजे कॅपेसिटर. रांजण जसा पाणी साठवून नळ गेला तरी थोडा वेळ देतो, तसा हा वीज साठवून वाटेतले चढउतार सपाट करतो. त्याचे माप फॅरड, पण व्यवहारात मायक्रोफॅरड, म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. पंखा मंद फिरू लागला की आपण "कंडेन्सर बदला" म्हणतो, तो याच घराण्यातला, बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा. बोर्डावरच्या डबीचे डोके फुगलेले दिसले तर मीटर लावण्याआधीच तिला बाद समजावे. बदलताना मायक्रोफॅरड तोच घ्यावा आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त.

डायोड म्हणजे एकेरी रस्ता. विजेला एका बाजूनेच जाऊ देतो, म्हणून एसीचे डीसी करायला चार डायोडांची चौकट लावतात. बाजारात १एन४००७ नावाचा काळा डायोड सर्वत्र मिळतो. एका टोकाला चंदेरी पट्टा, तीच त्याची बाहेर पडण्याची बाजू. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवले तर चांगला डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो आणि उलट्या बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून शून्य असेल तर शॉर्ट, दोन्हीकडून काहीच नसेल तर ओपन. प्रकाश देणारा डायोड म्हणजे एलईडी.

तीन पायांचा ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला आणि आपल्या गावांत आला तो रेडिओ बनून. जुनी माणसे रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणत. त्याचे काम दोन प्रकारचे: एका पायाला थोडा करंट देऊन दुसऱ्या वाटेवरचा मोठा करंट चालू-बंद करणे, किंवा लहान इशारा मोठा करणे. स्टॅबिलायझरमधून टकटक आवाज येतो तो रिलेचा. लहान करंटने लोहचुंबक तयार होते आणि ते मोठ्या करंटचे बटण दाबते. रिलेला हुकूम देणारा बहुधा ट्रान्झिस्टरच. असे असंख्य ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनच्या कपचीवर बसवले की झाली आयसी. पहिली आयसी जॅक किल्बी यांनी १९५८ साली करून दाखवली. सिलिकॉन ना पुरता वाहक, ना पुरता दुर्वाहक; म्हणून त्याला अर्धवाहक म्हणतात.

आयसी उडते हे खरे, पण आपोआप क्वचितच. तिच्याआधी काहीतरी बिघडलेले असते: अडॅप्टर चुकीचा, रेग्युलेटर गेलेला किंवा पावसात वीज कडाडलेली. जो कारागीर कारण न शोधता आयसी बदलतो, त्याच्याकडे तोच काटा महिन्याभरात परत येतो.

वजन विजेत कसे उतरते?

आता मुख्य गोष्ट. काट्याच्या ताटाखाली धातूचा एक ठोकळा असतो, मध्यभागी कोरलेला. त्याला लोडसेल म्हणतात. माल ठेवला की हा ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्याच्यावर चार बारीक पत्र्यांच्या जाळ्या चिकटवलेल्या असतात, स्ट्रेन गेज. ताणली गेली की जाळीचा अडथळा किंचित वाढतो, दबली की कमी होतो. दोन ताणल्या जातात, दोन दबतात. चौघींना चौकोनात जोडून समोरासमोरच्या दोन टोकांना वीज दिली आणि उरलेल्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहिले की रिकाम्या ताटाला जवळजवळ शून्य येते, वजन ठेवताच थोडेसे. या चौकोनाला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. मूळ कल्पना सॅम्युअल क्रिस्टी यांची, १८३३ सालची. नाव मात्र दहा वर्षांनी ती लोकांपर्यंत नेणाऱ्या चार्ल्स व्हीटस्टन यांचे राहिले.

"थोडेसे" म्हणजे किती ते पाहा. लोडसेलवर बहुधा "२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट" असे लिहिलेले असते. म्हणजे ५ व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट. मिलिव्होल्ट हा व्होल्टचा हजारावा भाग. लोडसेल २०० किलोचा असेल तर ५० किलोच्या गोणीला मिळाले अडीच मिलिव्होल्ट, एका किलोला ५० मायक्रोव्होल्ट आणि २० ग्रॅमला फक्त एक मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा इशाऱ्याला मोठे करणारा भाग म्हणजे अॅम्प्लिफायर. मग त्या इशाऱ्याचे आकड्यात रूपांतर करणारी आयसी, तिला एडीसी म्हणतात. पुढे मायक्रोकंट्रोलर हिशेब करून किलो-ग्रॅम दाखवतो.

हे समजले की "काटा नाचतो" या तक्रारीचा अर्थ लागतो. जेथे एक मायक्रोव्होल्टला किंमत आहे, तेथे जोडाच्या जागी बसलेला ओलावा, सैल पडलेला सोल्डर, गंजलेली पिन यांपैकी काहीही पुरते. कांद्याच्या बाजारात टरफल आणि धूळ सगळीकडे शिरते, त्यावर पावसाळ्यात दमट हवा बसली की जोडावर विजेला चोरवाट मिळते. त्यामुळे नाचणारा काटा आला तर आयसीकडे जाण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्ट पाहावेत, कनेक्टर कोरडा व स्वच्छ करावा, वायर उंदराने कुरतडली आहे का ते बघावे. भुईकाट्याला असे अनेक लोडसेल असतात, सगळ्यांच्या वायरी एका जंक्शन बॉक्समध्ये येतात, आणि बिघाड पुष्कळदा त्या बॉक्समध्येच सापडतो. काटा शून्यावर येत नसेल तर ताटाखाली दगड किंवा कांदा अडकला आहे का, हे पाहणे फुकट आहे.

लोडसेल खरोखर गेला का, हे साध्या मीटरने कळते. त्याच्या चार वायरींपैकी दोन वीज देणाऱ्या, दोन इशारा आणणाऱ्या. लाल-काळी आणि हिरवी-पांढरी अशी जोडी पुष्कळ ठिकाणी असते, पण सर्व कारखान्यांचे रंग एक नाहीत, म्हणून कागद पाहावा. वायरी बोर्डापासून सोडवून मोजल्या तर नेहमीच्या लोडसेलमध्ये इशाऱ्याच्या जोडीत सुमारे ३५० ओहम आणि वीज देणाऱ्या जोडीत त्याहून थोडे जास्त मिळतात. एखादी जोडी ओपन आली तर आत तार तुटली. कोणतीही वायर आणि ठोकळ्याचे धातू यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. हे पाहायला वायरमनचा ५०० व्होल्टचा मेगर मुळीच लावू नये. चांगला लोडसेल त्यानेच मरतो.

सील आणि हद्द

येथे कारागिराने आपली हद्द ओळखावी. अडॅप्टर, बाहेरची वायर, प्लग ही कामे वेगळी. पण सील तोडून आत हात घालणे आणि कॅलिब्रेशन करणे, म्हणजे प्रमाणित वजने ठेवून काट्याला "हे इतके" असे पुन्हा शिकवणे, ही वेगळी बाब आहे. २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार वजनमापांच्या दुरुस्तीसाठी परवाना लागतो, आणि दुरुस्तीनंतर काटा वैध मापन शास्त्र विभागाकडून पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी एरवीही दरवर्षी करावी लागते. "चाचा, थोडे इकडे-तिकडे करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दुकानाची पायरीही चढू देऊ नये. माप-तोलाच्या बाबतीत आपल्या लोकांना याहून जास्त सांगण्याची गरज नाही.

काट्याच्या पट्टीवरची तीन नावे मात्र प्रत्येक दुकानदाराला वाचता आली पाहिजेत. मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त वजन, मिन म्हणजे कमीत कमी, आणि ई म्हणजे पडताळणीसाठी धरलेली पायरी. २०० किलोच्या काट्यावर ई २० ग्रॅम असेल तर, तो व्यापारी वापराच्या तिसऱ्या वर्गातला असल्याने, मिन ४०० ग्रॅम असते. म्हणजे या काट्यावर पाव किलो लसूण तोलणे चूक आहे, मग काटा कितीही नवा असो. गोण्यांचा काटा वेगळा ठेवावा आणि किरकोळीचा वेगळा.

चूक किती महाग पडते ते एका हिशेबाने पाहू. समजा, भुईकाटा प्रत्येक ट्रॉलीमागे १० किलो जास्त दाखवतो आणि भाव क्विंटलला १५०० रुपये आहे. एका ट्रॉलीमागे व्यापाऱ्याचे १५० रुपये गेले. दिवसात ४० ट्रॉल्या घेतल्या तर ६००० रुपये. काटा कमी दाखवत असेल तर तेच पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात.

अर्थिंग, फ्यूज आणि शिकण्याची सोय

तीन पिनांपैकी जाड, लांब पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. उपकरणाच्या पत्र्यावर फेज उतरला तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून ही सोय. ती पिन कापून दोन भोकांत प्लग बसवणारे दुकान आम्ही एक नाही, अनेक पाहिले आहेत. फ्यूजच्या जागी जाड तार पिळणे हाही तसलाच प्रकार. फ्यूजचे कामच वेळेवर वितळणे हे आहे. दुकानाच्या बोर्डात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला नाही, की तो क्षणात वीज तोडतो.

शिकू इच्छिणाऱ्या मुलासाठी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दहावी उत्तीर्ण असल्यास प्रवेश मिळतो. ज्याला दुकान सोडून जाता येत नाही, त्याने निदान एक डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटचे सोल्डर आयर्न आणि भंगारातले दोन-चार बोर्ड घ्यावेत. सुटे भाग मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण सुरुवातीला भंगारच बरे. आपल्या भंगारवाल्या भावाकडे वजनावर मिळणाऱ्या एका जुन्या बोर्डावर वर सांगितलेली सगळी मंडळी बसलेली असतात. एकेक नग काढावा, मीटरवर मोजावा, पट्टे वाचून आकडा ताडून पाहावा आणि वहीत तिन्ही नावे लिहावीत: बाजारातले, पुस्तकातले आणि दुकानदाराकडे मागायचे.